भरल्या ताटावरून

त्या वर्षी आयर्लंडातल्या लीट्रिममध्ये उन्हाळा आलाच नाही. मे महिन्यात थोडं ऊन दिसलं, लोकांनी मेंढ्या भादरून घेतल्या, आणि मग आभाळ जे खाली बसलं ते उठायलाच तयार नाही. डेरीगॉर्म गावची जमीन मुळातच चिकट. तिच्यात पाणी मुरत नाही. न बोलावलेल्या पाहुण्यासारखं नुसतं बसून राहतं. जून गेला, जुलै गेला. तळ्याकाठचं गिलहूलींचं कुरण गुडघ्यावर वाढलं, मग आपल्याच ओझ्यानं आडवं झालं आणि बुडापासून पिवळं पडायला लागलं.

मॅलकी गिलहूली रोज सकाळी फाटकावर कोपर टेकून ते बघत उभा राहायचा. त्याचा उजवा खुबा गेला होता. ऑपरेशनचं बोलावणं आज येईल, उद्या येईल म्हणता म्हणता साठी उलटली. चालताना तो डावा पाय पुढं टाकायचा आणि उजवा मागून ओढून आणायचा, हट्टी वासरू ओढावं तसा.

"फर्गल काय म्हणाला?" त्याची बायको डिंपना दारातून विचारायची.

"वाळलं की येतो म्हणाला."

"आणि वाळणार कधी?"

"ते त्याच्या हातात असतं तर एव्हाना त्याचंही भाडं लावलं असतं त्यानं."

मुरघास, म्हणजे खड्ड्यात दाबून मुरवायचा हिरवा चारा, कापायचं मशीन त्या सगळ्या डोंगरात एकट्या फर्गल मॅगॅरीकडं. दुसरा मशीनवाला तळ्यापलीकडं, आणि तो या पाणंदीत शिरायलाच तयार नसे. त्यामुळं फर्गलशी सगळे गोड बोलत. त्याचा ट्रॅक्टर समोरून आला की आपली गाडी कुंपणात घालायची, स्टिअरिंगवरून बोट उचलून रामराम करायचा आणि तो जाईपर्यंत हसत राहायचं.

ऑगस्ट अर्धा सरला तेव्हा रेडिओनं उघडीप सांगितली. फर्गलचा फोन आला.

"उद्या येतो, मॅलकी. सकाळी कापून टाकू, जेवलो की उचलू. परवा परत पाऊस आहे म्हणतात."

डिंपना उजाडायच्या आत उठली. मुरघासाच्या दिवशी मशीनवाल्यांना जेवण घालायचं म्हणजे त्यात काटकसर चालत नाही. भाड्यावरून झालेली घासाघीस लोक विसरतात. ताट हलकं निघालं तर नातवंडांपर्यंत सांगतात. तिनं खारवलेल्या मांसाचा मोठा तुकडा उकळायला ठेवला, कोबी चिरला, बटाटे घासून घासून धुतले, दोन पाव भाजले, सफरचंदाचा केक केला. तोंडभर वाफ घेत ती चुलीपुढं उभी होती आणि कितीतरी दिवसांनी तिला गुणगुणावंसं वाटत होतं.

मशीन आलं. फर्गल पुढं, त्याच्यामागं ट्रेलर घेऊन थोराड, अबोल टेरेन्स, आणि शेवटी फर्गलचा भाचा रोनन. बहीण वारल्यापासून फर्गलनंच त्याला वाढवलेलं. फर्गलला मूलबाळ नाही. मशीन उद्या रोननचंच. आता तो पंचविशीचा झाला होता आणि कुणाचं काही ऐकायचं त्याला कारण उरलं नव्हतं.

खालच्या कुरणाचं फाटक मॅलकीनं उघडायचं होतं. तो निघाला आपला, पाय ओढत. रोननचा ट्रॅक्टर त्याच्या मागं येऊन उभा राहिला आणि रोनननं हॉर्न दाबला. दाबला तो दाबलाच. मॅलकी लगबगीनं चालायला गेला, घसरला, फाटकाला धरून सावरला. हॉर्न थांबला नाही. फाटक उघडलं तसा ट्रॅक्टर त्याच्या अंगावर चिखल उडवत आत गेला. मॅलकीनं बाहीनं तोंड पुसलं आणि बोट उचलून त्याला रामराम केला.

डिंपनानं हे खिडकीतून बघितलं आणि गिळलं. तिच्या आईनं तिला एक धडा दिला होता: वाईट वागणाऱ्याशी आपण आणखी चांगलं वागायचं, म्हणजे तो आपोआप लाजतो. आयुष्यभर डिंपना तसं वागत आली होती. कुणी लाजलेलं मात्र तिच्या बघण्यात नव्हतं.

दुपारपर्यंत सगळं गवत कापून झालं. वरचं छोटं वावर उचलून खड्ड्यात गेलंसुद्धा. खालचं मोठं कुरण ओळीओळीनं पडलं होतं, आणि त्यावर ऊन होतं. खरंखुरं ऊन. माणसं जेवायला आली.

फर्गलनं दारात बूट काढले. टेरेन्सनं बूट आणि टोपी दोन्ही काढलं. रोनन तसाच आत आला. चुलीपासून टेबलापर्यंत धुतलेल्या फरशीवर त्याची पावलं उमटली. बसल्या बसल्या त्यानं फोन लोण्याच्या भांड्याला टेकवून उभा केला. पडद्यावर कुणीतरी गाडीत बसून खिदळत होतं, शिव्या देत होतं, त्याचा आवाज घरभर.

"बसा, बसा. पोटभर जेवा," डिंपना म्हणाली. "उन्हात काम केलंय तुम्ही."

मधल्या परातीतून रोनननं आपल्याच काट्यानं एक बटाटा टोचून घेतला, सालं सोलली, आत काळा डाग दिसला तसा तो परत परातीत टाकला. दुसरा घेतला. टेरेन्सनं परातीकडं बघितलं आणि हात मागं घेतला.

"चहा कडक झालाय ना रे?" तिनं फर्गलला विचारलं.

"झकास आहे, डिंपना."

टेबलाच्या टोकाकडून शिट्टी आली. आखूड, दोन सुरांची. रोनननं मान वर केली नव्हती. नुसता कप पुढं सरकवला होता. तिनं कप भरला.

"दूध संपलं वाटतं," मॅलकी म्हणाला. "बसा तुम्ही, मी आणतो." तो उठला आणि पाय ओढत मागच्या खोलीकडं गेला.

तो दाराआड झाला आणि रोनन खुर्चीवरून उठला. त्यानं डावा पाय टाकला, उजवा ओढला, जबडा लोंबता सोडला, आणि चुलीपर्यंत जाऊन परत आला. अगदी हुबेहूब. फर्गल ताटात बघत राहिला. टेरेन्सच्या नाकातून हसू निसटलं, त्यानं ते खोकल्यात दडवलं. रोनन बसला, आणि परत शिट्टी मारली. दोन सूर.

डिंपनाला पुढं कधी नीट आठवलं नाही की आपण किटली खाली केव्हा ठेवली. रोननच्या पुढ्यातलं भरलेलं ताट तिच्या हातात होतं. ती दारापाशी गेली आणि मांस, कोबी, बटाटे सगळं तिनं अंगणात कुत्र्यापुढं पालथं केलं.

"शिट्टीवर जेवणारा या घरात तो एकच आहे," ती म्हणाली. "ताट त्याचं."

फोनमधलं खिदळणं तेवढं चालू होतं. रोनन कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला, मग दात काढून मामाकडं बघायला लागला. फर्गलनं सुरी आणि काटा ताटात जोडीनं ठेवले. तोंड पुसलं. उठला.

"जेवणाबद्दल आभारी आहे, डिंपना," तो म्हणाला. "मशीनचा पट्टा सकाळपासून घसरतोय. नीट करून उद्या येतो."

"फर्गल, केक आहे अजून."

"असू दे."

टेरेन्सनं एकदा आपल्या अर्ध्या ताटाकडं बघितलं आणि टोपी उचलली. मॅलकी दुधाचं भांडं घेऊन आला तोवर मशीन पाणंदीला लागलं होतं. काय झालं ते तिनं सांगितलं. तो बसला. समोरच्या कोबीवर चरबी थिजेपर्यंत तो कोबीकडं बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी मशीन आलं नाही. सकाळभर ऊन होतं. पलीकडच्या उतारावर, डेवनींच्या कुरणात, मशीन चालू होतं. त्याचा आवाज तळ्यावरून स्वच्छ ऐकू येत होता, आणि पट्टा अजिबात घसरत नव्हता. मॅलकीनं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. संध्याकाळी पश्चिमेकडून काळं आलं आणि कापून पडलेल्या गवतावर पाऊस बसला.

तिसऱ्या दिवशी ती दुकानात गेली. दुकानवाल्या गोबननं तिचा पाव कागदात गुंडाळला, दोरी बांधली, आणि मग हळूच विचारलं, "खरं का गं? पोराच्या तोंडावर फेकलंस म्हणे ताट?"

"तोंडावर नाही. अंगणात टाकलं."

"म्हणजे खरं."

"तो मॅलकीच्या चालण्याची नक्कल करत होता, गोबन. माझ्या टेबलाशी. माझं अन्न खात."

"पोरं हल्ली तशीच," गोबन म्हणाली. "माझ्याकडं येतो तेव्हा काउंटरवर सुट्टी नाणी भिरकावतो, मी वेचत बसते. वाईट वाटतं. पण कामावरच्या माणसाला भरल्या ताटावरून उठवायचं म्हणजे... माझ्या आईनं तर वाटमाऱ्यालासुद्धा उठवलं नसतं." तिनं सभोवार बघितलं. "मी काय म्हणते, जाऊन ये. दोन शब्दांनी तुझी जीभ झिजणार आहे का?"

परत येताना वाटेत डेवनी भेटला, त्यानं गाडीतून बोट उचललं नाही. कदाचित त्यानं बघितलं नसेल. टेरेन्स भेटला, त्यानं मात्र बघितलं, आणि रेडिओशी काहीतरी खुडबुड करायला लागला.

तिनं चांगला कोट घातला, सफरचंदाचा नवा केक केला आणि पावसात फर्गलच्या घरी गेली. दार फर्गलच्या बायकोनं, बर्नीनं उघडलं. त्या डोंगरात दार उघडणारा माणूस पहिला शब्द 'आत ये' असाच बोलतो. पत्ता चुकलेल्या परक्यालाही बोलतो. बर्नी दाराची कड धरून उभी राहिली.

"डिंपना."

"बर्नी. फर्गल आहे का?"

"जेवतोय."

आतून उकडलेल्या मांसाचा वास येत होता. डिंपनाच्या मानेवर पागोळी गळत होती. तिनं केक पुढं केला. बर्नीनं तो घेतला, मागच्या टेबलावर ठेवला, आणि परत येऊन दाराची तीच कड धरली.

फर्गल आला. तोंडातला घास गिळून म्हणाला, "काय गं, एवढ्या पावसात कशी काय आलीस?"

"चुकलंच माझं, फर्गल. त्या दिवशी."

"मला काय सांगतेस? माझं ताट तर तू ओढलं नाहीस." त्यानं घरात बघून हाक मारली. "रोनन! इकडं ये."

रोनन आला नाही. टेबलाशीच बसून राहिला. उंबऱ्यावरून त्याची पाठ आणि टोपी दिसत होती.

"मी माफी मागायला आले होते, रोनन," ती त्या पाठीला म्हणाली.

"कशाबद्दल?"

"तुझं ताट उचललं म्हणून."

"ऐकू येत नाही, ओ बाई. पाऊस मोठा आहे."

बर्नीनं जमिनीकडं बघितलं. फर्गल म्हणाला, "पुरे रे आता." पण हसत म्हणाला. आणि डिंपनानं, उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून, मोठ्यानं, शब्द तोडून तोडून परत सांगितलं: मी तुझं ताट उचललं, माझं चुकलं. आपलाच आवाज तिला शाळेतल्या पोरीसारखा वाटला.

"हां," रोनन म्हणाला, आणि खायला लागला.

"वाळलं की शुक्रवारी बघू," फर्गल म्हणाला. "भिजू नकोस, जा."

घरी आल्यावर मॅलकीनं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. सकाळी उजाडताच तो गवताचा लांब काटा घेऊन कुरणात गेला. ओळीत पडलेलं गवत हातानं उलटून, खुंटांवर चढवून थोडंतरी वाऱ्याला लावायचं त्याच्या मनात होतं. त्याचे वडील तसं करायचे. तीही दुसरा काटा घेऊन गेली. गवत वरून ओलं, आत हात घातला तर गरम. काट्यावर घेतलं की शेणासारखं लोंबायचं आणि मधेच तुटून पायांवर पडायचं. उचलायचं, वाहून न्यायचं, खुंटावर थापायचं. पाठीतून कळ निघून ढुंगणापर्यंत जायची. हाताला फोड आले, फुटले, आंबलेल्या गवताचं पाणी त्यात झोंबायला लागलं. संध्याकाळी बघितलं तर एवढ्या मोठ्या कुरणात त्यांनी एक कोपरा उलटला होता.

दुसऱ्या दिवशी परत तेच. दुपारी मॅलकी ओझं घेऊन वळताना खुब्यातून वाकला आणि बसला. ओल्या गवतातच, काटा हातात तसाच. ती उठवायला गेली. त्यानं हात झिडकारला.

"राहू दे."

"अरे, ओल आहे."

"राहू दे म्हणतो ना." तो तळ्याकडं बघत होता. दमानं त्याची छाती फुलत होती. "तो माझी नक्कल करतो ते मला माहीत नव्हतं असं वाटलं तुला?"

तिनं आपला काटा जमिनीत रोवला.

"सगळेच करतात. टेरेन्स करतो. डेवनीची पोरं चर्चच्या दारात करतात. मला दिसतं, डिंपना. मी बघत नाही. बघितलं तर त्यांना लाज वाटेल, मला लाज वाटेल, आणि मग काम कोण करणार?" त्यानं मूठभर गवत उपटल्यासारखं उचललं, त्यावर पांढरी बुरशी धरली होती. "मी ते रोज खात होतो. तुला एक दिवस गिळता आलं नाही."

"तुझ्यासाठी केलं मी."

"मी सांगितलं होतं?"

शुक्रवारी फर्गल आला. शब्दाचा माणूस. झिरमिर पावसातच मशीन घेऊन आला आणि फाटकापाशी उतरला. एका ओळीत बूट खुपसून त्यानं गवत उलटवलं. खालून वाफ निघाली आणि तो कुबट वास. तो वाकला, चिमूटभर नाकाशी धरलं, टाकून दिलं.

"हे खड्ड्यात घातलंस तर वरच्या वावरातलंही नासवशील, मॅलकी," तो अगदी जिव्हाळ्यानं म्हणाला. "आणि गाईला घालू नकोस. गाभ पडेल."

"तसंच वाटतं."

"वाईट वर्ष आहे. सगळ्यांनाच." त्यानं मॅलकीच्या खांद्यावर हात ठेवला. मशीन वळवून तो गेला.

चारा विकत घ्यावा तर त्या वर्षी कुणाकडंच जास्तीचा नव्हता. ज्यांच्याकडं होता त्यांनी आपापल्या माणसांना शब्द दिला होता. ऑस्ट्रेलियातल्या मुलानं फोनवर सांगितलं, "विका आता, बाबा. किती दिवस करणार?" मॅलकी "हं" म्हणाला. सप्टेंबरात पोटऱ्यांपर्यंत चिखल झाला, गाई कुंपणाशी येऊन हंबरायला लागल्या. ऑक्टोबरात गिलहूलींनी सगळ्या विकल्या, गाभण्यासुद्धा. लाल कपाळाची म्हातारी गाय ट्रकच्या फळीवर चढेना. जनावरं न्यायला आलेला माणूस परका होता, त्यानं काठी उगारली नाही, शेपटीपाशी खांदा लावून हळूहळू तिला वर घेतलं, आणि जाताना डिंपनाला म्हणाला, "त्रास दिला बाई तुम्हाला." तेवढ्यावर तिला रडू फुटलं. तो बिचारा घाबरला, आपलं काय चुकलं ते त्याला कळेना.

नोव्हेंबरच्या शेवटी एका दुपारी फर्गलची गाडी अंगणात आली. फर्गल एकटा उतरला. दारात बूट काढले, टोपी काढली. बिस्किटांचा मोठा डबा आणला होता, फितीसकट.

"ये, आत ये," डिंपना म्हणाली.

"कामात तर नाहीस ना? नाहीतर परत येतो."

"छे. कसलं काम. चहा घेशील?"

"नको, नको. आत्ताच झाला."

"घोटभर घे."

"खरंच नको, उगाच त्रास."

"त्रास कसला त्यात?"

"बरं, टाक मग."

तो बसला. मॅलकीच्या खुब्याची चौकशी केली, ऑस्ट्रेलियातल्या मुलाची केली. पाव तोंडात टाकून म्हणाला की असा पाव आता कुणाच्या हातचा मिळत नाही, बर्नीला कितीदा सांगतो. मग कप बशीत ठेवून त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर घेतले.

"मॅलकी, राग येणार नसेल तर एक विचारतो. ते खालचं कुरण. पडूनच आहे ना आता? रोननच्या मनात आहे थोडी वासरं ठेवायचं. स्वतःची. पोरगं मार्गी लागेल. चालवायला द्याल तर... तुम्ही म्हणाल तसं. घाई नाही. नाही म्हणालात तरी आपल्यात काही कमी-जास्त व्हायचं नाही."

इतकं अदबीनं त्या घरात कुणी कधी काही मागितलं नव्हतं. डिंपनानं नवऱ्याकडं बघितलं. त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. कुरणातल्या त्या दिवसापासून तो तिच्याकडं फारसा बघतच नसे.

"लव्हाळी माजेल नाहीतर," मॅलकी म्हणाला. "घेऊ दे त्याला."

"देव भलं करो तुझं."

बाहेर हॉर्न वाजला. रोनन गाडीतच बसला होता. काचेवरच्या पाण्याआड त्याची टोपी दिसत होती. परत वाजला.

"राहू दे त्याला, घाईचं कुत्रं आहे ते," फर्गल हसून म्हणाला आणि पावाचा आणखी एक तुकडा घेतला.

मॅलकीनं आपल्या कपात बघत म्हटलं, "त्यालाही चहा दे."

तिनं कप धुतला, पुसला. चहा ओतला, दूध घातलं. साखर किती घेतो ते तिला आठवत होतं. बशीत केकचा तुकडा ठेवला आणि डोक्यावर काही न घेता ती पावसात गेली. काचेवर बोटानं टकटक केली. रोननच्या कानाला फोन होता. तो कुणाशी तरी हसत होता. काच चार बोटं खाली आली, मग आणखी थोडी. त्यानं हात बाहेर काढून कप घेतला, केक घेतला, आणि काच वर केली.

कप परत हवा होता. तो पिऊन होईपर्यंत ती गाडीपाशी उभी राहिली.